याडीसोबत व्हिएतनामच्या होस्टेलांत

मुळात ही सहल याडीसोबतची नव्हतीच. ती शुभांगीसोबतची होती. शुभांगी म्हणजे मारेगावच्या आमच्या शाळेतली विज्ञानाची शिक्षिका; मी तिथे गणित शिकवते. मधल्या सुट्टीत डबे उघडले की आम्ही मोबाईलवर व्हिएतनाम उघडायचो. कुठल्या गावात कोणतं होस्टेल, कुठे फक्त बायकांची खोली आहे, कुठल्या चादरींना वास येतो असं कुणीतरी लिहून ठेवलंय, कुठे सकाळचा नाश्ता भाड्यातच मिळतो. वर्षभरात इतकं वाचलं की हनोईच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या मला मारेगावच्या बाजारापेक्षा जास्त पाठ झाल्या. पाठीवर एकच बॅग, विमानात हातात नेता येईल एवढी. गाईड नाही, टूर कंपनी नाही, बसमध्ये "सगळे आले का?" म्हणून डोकी मोजणारं कुणी नाही. आम्ही दोघीही तोवर देशाबाहेर गेलो नव्हतो.

मग शुभांगीचं लग्न ठरलं, तेही आम्ही निघणार होतो त्या दिवाळीच्या सुट्टीला लागूनच. "थांबशील का पुढच्या वर्षीपर्यंत?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. तिशी ओलांडली होती आणि आजवर माझ्या प्रत्येक बेतानं कुणाच्या तरी सोयीची वाट पाहिली होती. एवढंच असेल.

घरी सांगायला पुसदला गेले. आमचा तांडा पुसदपासून थोडा आत आहे. भाऊ अंकुश अंगणात ट्रॅक्टरखाली पडून काहीतरी दुरुस्त करत होता आणि याडी ओट्यावर भाजी निवडत बसली होती. याडी म्हणजे आई. आम्ही बंजारा, घरात गोरबोली, दाराबाहेर वऱ्हाडी. याडी दोन्ही एका दमात बोलते. इथे तिचं सगळं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिते, कारण तीही तिचीच भाषा आहे.

"एकटी?" अंकुश ट्रॅक्टरखालूनच म्हणाला. "आन राह्यशील कुठं?"

"होस्टेलात."

याडीचे हात थांबले. "होस्टेलात? आता कायले व होस्टेलात?"

आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता. मी दुसरीपासून दहावीपर्यंत आश्रमशाळेच्या होस्टेलात वाढले. दिवाळी झाली की याडी आणि बापू ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जायचे, ते होळीच्या सुमारास परत यायचे. होस्टेल म्हणजे पोरगी जिथे ठेवावी लागते ती जागा. नोकरी लागलेली, पगार मिळवणारी मुलगी स्वतःहून तिथे जाते म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं याडीला वाटलं.

"थे होस्टेल येगळं, याडी. दुनियेतले फिरणारे लोक तिथं राह्यतात. एका खोलीत सहा-आठ पलंग, एकावर एक. कोणी कोणाच्या ओळखीचं नाही. रात्री झोपाचं, सकाळी आपापल्या वाटेनं जाचं."

"म्हंजे तोडीवरच्या कोप्या," याडी म्हणाली. ऊसतोडीच्या तळावर पाचटाच्या झोपड्या बांधतात, त्या कोप्या. उपमा अगदी बरोबर होती.

"एकटी जाचं नाही," अंकुशनं निकाल दिला. "सोबत कोणी असन त जाय."

"मी येतो," याडी म्हणाली.

अंकुश ट्रॅक्टरखालून बाहेर आला. आधी तो हसला. मग तिच्याकडे पाहून थांबला. "कापूस कोण येचन?"

"तू येच."

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. वर्षभर मी स्वप्नात जिला पाहत होते ती पाठीवर बॅग घेतलेली एकटी बाई होती. तिच्या मागून फेटियाचा घागरा सावरत चालणारी याडी त्या चित्रात कुठेच नव्हती. पण नाही म्हटलं असतं तर माझंही जाणं राहिलं असतं. मी हो म्हणाले, आणि मनातल्या मनात दोन दिवस कुढले.

पुढचे महिने तयारीत गेले. याडीचं नाव आधार कार्डावर कमळाबाई आणि रेशन कार्डावर कमळी. पासपोर्टसाठी ते एक करायलाच किती चकरा झाल्या! मग चौकशीला तांड्यावर हवालदार आले. तांड्यावर खाकी कपडे दिसले की आजही आधी आवाज बंद होतात, म्हाताऱ्या बायका घरात जातात. त्या दिवशीही तसंच झालं. याडीनं मात्र त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"कुठं जाता काकू?"

"येतनामले."

"कायले?"

"फिराले," याडी म्हणाली, आणि दाराआडून एकदम हसू फुटलं. हवालदारही हसले, चहा पिऊन गेले.

बॅग भरायची रंगीत तालीम आम्ही घरीच केली. मी यादी वाचायची, याडीनं त्यातलं अर्धं काढून टाकायचं. "तीन जोडे कायले? एक अंगात, एक वाळत." बॅगेत काय घेऊ नये हे तिला शिकवायची गरजच नव्हती. उलट माझा केस वाळवायचा पंखा आणि दोन जाड पुस्तकं तिनं पहिल्याच फेरीत बाहेर काढली. तिच्या बॅगेत कपड्यांचा एक जोड, सुईदोरा, जवसाची चटणी आणि एक पातळ वाकळ. तिची बॅग माझ्यापेक्षा बरीच हलकी भरली.

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो.

हनोई

पहिली गंमत नागपूरच्या विमानतळावरच झाली. याडी आयुष्यभर फेटिया-कांचळी घालत आली आहे: आरशांचा, कवड्यांचा घेरदार घागरा, नाण्यांनी जड झालेली चोळी, कोपरापर्यंत बांगड्या. तपासणीच्या चौकटीतून ती गेली आणि यंत्रानं आकांत मांडला. परत पाठवलं, परत आकांत. शेवटी पडद्याआड नेऊन तपासणाऱ्या बाईंनी एकेक नाणं हातानं चाचपलं. बाहेर येताना त्या बाई हसत होत्या आणि याडी त्यांना कांचळीवरचं जुनं नाणं कोणत्या आत्यानं दिलं ते सांगत होती.

हनोईला उतरलो ते सकाळी. बसमधून जुन्या वस्तीत आलो आणि मी नकाशा काढला. याडीनं पाठीवरची बॅग काढून डोक्यावर ठेवली. "खांद्याले काचते. डोस्क्यावर ओझं हलकं लागते." दोन्ही हात मोकळे, मान ताठ, आणि समोर हनोईची ती दुचाक्यांची नदी. मी रस्त्याच्या कडेला अडकून उभी. लाल-हिरव्या दिव्याला कुणी विचारत नव्हतं. याडीनं क्षणभर पाहिलं, माझा हात धरला आणि सरळ उतरली. पळाली नाही, थांबली नाही, एका चालीनं चालत राहिली. गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी वाटा काढत गेल्या.

"गाईच्या खांडातून जाचं असलं की असंच," ती पलीकडे पोचल्यावर म्हणाली. "आपण बिचकलो की जनावर बिचकते."

मी वर्षभर वाचलेल्या प्रवासाच्या सल्ल्यांमध्ये नेमकं हेच लिहिलेलं होतं, फक्त गाई नव्हत्या.

होस्टेल सापडलं आणि तिथे माझी पहिली चूक उघडी पडली. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही पासपोर्ट पाहिले, परत पाहिले आणि ओशाळून म्हणाली की सामायिक खोलीत पंचेचाळीसच्या वरच्या माणसांना ठेवत नाहीत. नियम आहे. तो त्यांच्या वेबसाईटवर बारीक अक्षरात लिहिलेला होता. मी चादरींच्या वासापर्यंत सगळं वाचलं होतं, तेवढं सोडून.

"काय म्हणते?" याडीनं विचारलं.

मी सांगितलं. याडीचा चेहरा पडला नाही, पण तिनं डोक्यावरची बॅग खाली उतरवली. "म्हाताऱ्या माणसानं फिराचं नाही का या देशात?"

शब्द त्या मुलीला कळले नाहीत, सूर कळला. तिनं लगेच कुणाला तरी फोन लावला. दोन गल्ल्या पलीकडे तिच्या मावशीचं छोटं होस्टेल होतं. ती स्वतः आमच्यासोबत तिथवर चालत आली, आणि वाटेत तीनदा माफी मागितली.

मावशीचं नाव हान. साठीच्या घरातली, बुटकी, चटपटीत बाई. तिनं याडीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, फेटियाचा घेर दोन बोटांत धरला आणि "देप, देप!" म्हणाली. सुंदर, सुंदर. वय विचारलंच नाही.

बायकांच्या खोलीत सहा पलंग होते, दोन मजली रेल्वेच्या बर्थसारखे. प्रत्येकाला जाड पडदा, उशाशी छोटा दिवा, मोबाईलसाठी प्लग, पायाशी कुलूप लावायचा कप्पा. याडीला खालचा पलंग मिळाला. ती आत बसली, पडदा ओढला. उघडला. परत ओढला. आतून दिवा लावला, बंद केला, लावला. मी वरून पाहत होते. बऱ्याच वेळानं पडद्याच्या फटीतून तिचा चेहरा बाहेर आला.

"हे सगळं माह्या एकटीचं?"

"एवढंच, याडी. एका पलंगाएवढं."

"एवढं बी कधी नव्हतं," ती म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर खालचा पलंग रिकामा. वाकळ नीट घडी घातलेली. न्हाणीत नाही, स्वयंपाकघरात नाही, गच्चीवर नाही. हानबाईंनी हातानं रस्त्याकडे खूण केली: गेली. कुठे? खांदे उडवले. याडीकडे फोन होता, पण त्यात तिथलं सिम नव्हतं. तिला इंग्रजी येत नाही, होस्टेलचं नाव वाचता येत नाही. मी केस न विंचरताच धावत सुटले. प्रत्येक गल्ली सारखी दिसत होती. फुटपाथवर लहानलहान प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून माणसं शांतपणे नूडल्स खात होती आणि मला त्यांच्या शांतपणाचा राग येत होता.

ती सापडली होआन किएम तळ्यावर. तळ्याकाठी सकाळी शेकडो माणसं व्यायामाला येतात. एका बाजूला स्पीकर लावून वीस-पंचवीस बायका ओळीत नाचत होत्या, बहुतेक याडीच्याच वयाच्या. आणि शेवटच्या ओळीत, सगळ्यांच्या अर्धा ठेका मागे, आरसे चमकवत, याडी. समोरचीचे हात पाहून हात वर, हात खाली. मी हाक मारणार होते, मारली नाही. बाजूच्या बाकावर बसले आणि माझा श्वास खाली बसेपर्यंत पाहत राहिले.

गाणं संपलं तेव्हा बायकांनी तिला घेरलं. कुणी आरशांना हात लावला, कुणी बांगड्यांना. मग त्यांच्यातल्या एकीनं खुणेनं म्हटलं: आता तुझं. याडी अजिबात लाजली नाही. तिनं गोरबोलीत गाणं धरलं, तांड्यावर होळीला लेंगी म्हणतात तसलं, कमरेतून वाकून टाळी, गिरकी, टाळी. थोड्या वेळात त्या सगळ्या बायका गोलात होत्या आणि आता अर्धा ठेका मागे त्या होत्या.

"तू कुठं गेलतीस? मी किती घाबरले!" मी नंतर ओरडले.

"मी कुठं जातो? उजव्या हाताले वळलो, मंग तळं लागलं. येताना डाव्या हाताले वळाचं." तिनं घाम पुसला. "तू उठत नव्हतीस त काय करू?"

त्याच दिवशी दुपारी चहाचा घोटाळा झाला. याडीला चहाची तलफ आली होती आणि तिथे कडक दुधाचा चहा कुठे मिळेना. एका दुकानाबाहेर पाटी होती, मी ती वाचून दाखवली: "कॉम चाय." याडी खूश. आमच्याकडे चहाला चायच म्हणतात. आत जाऊन ऐटीत बसलो, दोन बोटं दाखवली. समोर आले भाताचे दोन डोंगर, सोबत तळलेलं टोफू, वाफवलेली भाजी, मशरूम आणि पातळ आंबट रस्सा. तिथे "चाय" म्हणजे शाकाहारी. याडीनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हा चाय लई घट्ट झाला," ती म्हणाली. बॅगेतून जवसाची चटणी काढून तिनं सगळा भात संपवला. आणि काय चव होती त्या साध्या रश्श्याला! पुढे आम्ही मुद्दाम "चाय"च्या पाट्या शोधत फिरलो.

डोंग वान

उत्तरेला चीनच्या सीमेलगत दगडांचं पठार आहे. 'हा जियांग' नावाच्या गावापर्यंत मोठी बस आणि तिथून छोट्या बसनं डोंगर चढत डोंग वान. बाहेर काळे, अणकुचीदार दगड; जमीन कुठे दिसतच नव्हती. पण त्या दगडांच्या फटीफटीत कापणी झालेल्या मक्याची ताटं उभी होती. माणसांनी पाठीवरच्या टोपल्यांतून माती आणून फटी भरल्या आणि त्यात मका पेरला. मधल्या सपाटीवर गुलाबी फुलांची शेतं, कुट्टू नावाच्या धान्याची. याडी काचेला नाक लावून बसली होती.

"आपल्याकडं काळी कसदार जमीन, आन आपण रडतो," ती म्हणाली. "यायनं दगडाचं दूध काढलं."

आम्ही उतरलो ते ह्मोंग नावाच्या डोंगरी जमातीतल्या एका बाईच्या घरी. तिनं माळ्यावर गाद्या टाकून प्रवाशांसाठी पाच-सहा जागा केल्या होत्या. मातीच्या जाड भिंती, मधे चूल, आढ्याला टांगलेली मक्याची कणसं. तिनं छातीवर हात ठेवून नाव सांगितलं: "माय."

याडीनं माझ्याकडे पाहिलं. "माय?"

"नाव आहे तिचं."

याडीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी बी माय."

ती बाई गोंधळली, मग दोघीही हसत सुटल्या. तेवढ्यावर त्यांची ओळख झाली. भाषांतराचं ॲप मी उगाच काढलं होतं.

मायबाईंच्या घागऱ्याला असंख्य बारीक चुण्या होत्या आणि काठाला लाल-पिवळ्या दोऱ्याचं भरतकाम. याडीनं परवानगी न विचारता काठ हातात घेतला आणि उलटा केला. भरतकाम करणारी बाई आधी मागची बाजू पाहते, कारण खरं काम तिथे कळतं. मायबाईंनीही याडीचा फेटिया उलटा केला. दोघी चुलीजवळ बसल्या आणि एकमेकींच्या कपड्यांचे आतले टाके पाहत राहिल्या. मधेच मायबाई आत गेल्या आणि एका झाडाच्या सालीचे लांब धागे घेऊन आल्या. त्यांचं कापड त्यापासूनच विणतात. याडीनं धागा मांडीवर वळून पाहिला. "अंबाडीच्या वाखासारखा हाये. पण मऊ."

संध्याकाळी मक्याचा वाफवलेला भरडा होता, कोबीची भाजी, आणि मीठ लावून धुरावर वाळवलेलं मांस. भरडा घशात अडकत होता. याडीनं तो भाजीच्या पाण्यात कालवून खाल्ला आणि मायबाईंनी मान हलवली: असाच खायचा असतो.

सकाळी मी दरीवरच्या पायवाटेनं जायचं ठरवलं होतं. याडीच्या चपला पुढे करत म्हटलं, "चल."

"तू जाय," ती म्हणाली. तिनं सुईत दोरा ओवला होता. "मी इथं हाये. तू एकटीच जाय ना आज. तुले जाचंच होतं."

मी चपला परत जागेवर ठेवल्या. तिला कधी कळलं होतं, कुणास ठाऊक.

मी गेले. कड्याच्या पोटातून अरुंद वाट होती, एका बाजूला उभा दगड, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि तळाशी हिरवीगार नदी, एखाद्यानं दोरा टाकून द्यावा तशी. पायाखालचे खडे घरंगळले की त्यांचा आवाज परत येत नव्हता. एका वळणावर बसून मी पाव आणि केळी खाल्ली. आसपास कुणीच नव्हतं. मी कुणाची मुलगी, कुणाची गणिताची बाई, कुणाची बहीण नव्हते. मोठ्यानं माझं स्वतःचं नाव घेतलं, "सरिता!" आणि समोरच्या डोंगरानं ते उशिरानं परत दिलं. याडीची आठवण आली का? नाही आली. मला तो दिवस पुरेपूर माझा हवा होता आणि तो मिळाला. त्याचं मला आजही काही वाईट वाटत नाही.

परत आले तेव्हा तिलाही माझी आठवण आल्याचं दिसत नव्हतं. तिनं आपल्या ओढणीवरचा एक आरसा उसवून मायबाईंच्या घागऱ्याच्या काठावर टाचला होता, आणि मायबाई चुलीच्या उजेडात कंबर इकडून तिकडे हलवून तो चमकवत होत्या.

हा जियांग

उतरताना घाटात एका टपरीवर मी उसाचा रस प्यायले आणि पोटानं सूड घेतला. हा जियांगच्या होस्टेलात पोचले ती वाकूनच. बायकांच्या खोलीत खालचा पलंग मला मिळाला. याडी जवळ मीठ-साखरेचं पाणी घेऊन बसली. पलीकडच्या पलंगावरच्या दोन स्पॅनिश मुलींनी न विचारता औषध आणून दिलं, आमच्या बाजूचा पंखा कमी केला, आणि कुजबुजत बोलू लागल्या. होस्टेलचं हे मला कुठल्याच वेबसाईटवर वाचायला मिळालं नव्हतं. तुमचं नाव ठाऊक नसलेलं माणूस तुमच्या झोपेसाठी आवाज खाली करतं.

दुपारी दार उघडलं आणि एक मुलगी आत आली. अठरा-एकोणीसची असेल. दक्षिणेकडची, लान नावाची, हे नंतर कळलं. पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. तिनं आपला पलंग शोधला, कडेवर टेकली, बॅग मांडीवर तशीच, आणि फोनवर हळू आवाजात आईशी बोलू लागली. फोन ठेवला आणि रडायला लागली. आवाज न करता, खाली पाहून.

याडी उठली. आधी तिच्या मांडीवरची बॅग उचलून खाली ठेवली. मग घडी केलेली चादर झटकून गादीवर पसरली, कोपरे खाली खोचले, उशीला अभ्रा घातला. कप्प्याचं कुलूप उघडून दाखवलं, किल्ली तिच्या मनगटात अडकवली. चपला ओळीत लावल्या. उशाशी दिवा लावून दाखवला.

"हा दिवा. हा परदा," ती चक्क वऱ्हाडीत सांगत होती. "परदा ओढला की आपलं घर. कोणी येत नाही. समजलं?"

मुलीनं मान हलवली. तिला काय समजलं असेल ते असो, रडणं थांबलं. याडीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली आणि परत माझ्याजवळ येऊन बसली.

तिनं मला मीठ-साखरेच्या पाण्याचा आणखी एक घोट पाजला. मग म्हणाली, "तुह्या होस्टेलचं मी फाटकच पाह्यलं."

मी डोळे उघडले.

"तुले सोडाले आलो त गाडी रस्त्यावर उभी. मुकादम ओरडून राह्यला होता. बापू म्हणे चाल, चाल. तुही पेटी फाटकापाशी ठेवली आन गेलो. तू आत कुठं झोपत होतीस, काय अंथरत होतीस, मी कधी पाह्यलंच नाही." ती माझी चादर सारखी करत होती, जी आधीच सारखी होती. "तू म्हणलीस होस्टेलात जातो, त म्हटलं जाऊन पाहाव एकदा. पोरी कशा राह्यतात."

म्हणजे म्हणून आली होती ती. व्हिएतनाम बघायला नाही, माझ्यावर पहारा ठेवायलाही नाही. मला त्या आश्रमशाळेतली लांब खोली आठवली, ओळीत मांडलेल्या पत्र्याच्या पेट्या, हिवाळ्यात दोघी-दोघी एका वाकळेत झोपायचो ते. तिला ते सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलंही, पडल्या पडल्या, सगळं: मधल्या रांगेतली माझी जागा, शेजारची कोण, पहिल्या रात्री जवळ घेणारी आठवीतली ताई. ती ऐकत राहिली. मधे फक्त एकदा विचारलं, "पोटभर देत का?" मी म्हटलं, देत. ते बहुतांशी खरंच होतं.

संध्याकाळी लान आमच्या पलंगाशी आली आणि तिनं खाली जाऊन आणलेली गरम भाताची पेज माझ्यासमोर ठेवली.

परत

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. हनोईत हानबाईंनी निरोपाला याडीच्या दोन्ही गालांना हात लावला आणि आम्ही विमानात बसलो. तांड्यावर पोचलो तेव्हा शेतात कापूस पांढरा पडला होता आणि अंकुशनं दोन मजूर बायका लावून थोडाफार वेचला होता. तो याडीला घालूनपाडून बोलेल असं मला वाटलं होतं. त्यानं आधी तिच्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "लोक कसे व तिथले?"

"मेहनती," याडी म्हणाली. "आन हसरे." आणि दुसऱ्या दिवसापासून ती वेचणीला गेली.

मी मारेगावला परतले, शाळा सुरू झाली. शुभांगी लग्नाची मेंदी हातावर घेऊन आली आणि तिनं सगळं तासन्‌तास ऐकून घेतलं. जे अजून निघाले नाहीत, त्यांनी मला काही विचारलं तर मी एवढंच सांगते: बॅग हलकी भरा, नियम बारीक अक्षरांपर्यंत वाचा, आणि खोलीत नवं कुणी आलं की आधी त्याला दिवा कुठे आहे ते दाखवा.

वेचणी संपल्यावर एका दुपारी, मधल्या सुट्टीत, याडीचा फोन आला. मागे गाड्यांचा, हॉर्नचा आवाज होता.

"कुठं हायेस तू?"

"नागपूरले."

मी डबा बाजूला सारला. "नागपूरले? काहून? काय झालं? दवाखान्यात कोणाले नेलं का?"

"नाई व. कोणाले काई झालं नाही."

"मग? कोणासंग गेलीस?"

"एकटीच आलो. सकाळच्या गाडीनं."

"पण काम काय होतं?"

पलीकडे एक गाडी हॉर्न देत गेली.

"काम कायले पाह्यजे?" याडी म्हणाली. "तळ्यापाशी बसलो. भेळ खाऊन राह्यलो. ठेव आता, मले पुढं जाचं हाये."